महिन्याच्या मुदतीत ३१ तारीख सांभाळा
बिलांच्या डेटाबेसमध्ये ड्यू डेट (पैसे भरायची शेवटची तारीख) टेबलमध्ये साठवू नका, क्वेरीतच, म्हणजे डेटाबेसकडून माहिती मागतानाच, बिलाच्या तारखेत ३० दिवस मिळवा असं सांगतात, ते बरोबरच, पण मुदत महिन्याची असेल तर डेटॲडला (तारखेत दिवस-महिने मिळवणाऱ्या फंक्शनला) महिन्याचंच एकक द्यावं लागतं. आणि हप्ते असतील तर पुढची तारीख आधीच्या हप्त्यावरून अजिबात काढू नका! ३१ जानेवारी २०२५ या तारखेत एक महिना मिळवला की ॲक्सेस काय न मायएसक्यूएल काय, कुठलाही डेटाबेस प्रोग्राम घ्या, २८ फेब्रुवारी देतो, तिथवर ठीक, पण त्या २८ मध्ये परत महिना मिळवला की २८ मार्च येते आणि ३१ तारीख कायमची गेली, एरर काहीच येत नाही त्यामुळे रिपोर्ट बघून कुणाला कळतही नाही. मूळ तारखेतच दोन महिने मिळवा, ३१ मार्च बरोबर येते.