नोटीसला चिमटा काढणारं उत्तर: कुठवर चालतं?

ज्युनियर_सीताबर्डी
अशिलाचा तर्री-पोह्यांचा ठेला आहे. दुसऱ्या पोहेवाल्याच्या वकिलांची नोटीस आली: 'तर्री' आमचं नोंदणीकृत चिन्ह, 7 दिवसांत पाटी उतरवा, नाहीतर 25 लाख भरपाई. अशील म्हणतो, असं झणझणीत लिहा की ग्रुपवर टाकता आलं पाहिजे. मसुद्यातलं एक वाक्य: "तर्रीचा शोध आपल्या अशिलाने लावला असेल तर अख्खा विदर्भ त्यांच्या उपकाराखाली आहे, आणि ही नोटीस लिहिणाऱ्याने वकिली सोडून भट्टी लावावी." हे बार कौन्सिलपर्यंत (वकिलांच्या नियामक संस्थेपर्यंत) जाऊ शकतं का?

इतवारी_दिवाणी
वाक्य नंतर, आधी रजिस्टर बघा. ट्रेड मार्क्स रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे. वर्ग 43 (उपाहारगृह) आणि वर्ग 30 (खाद्यपदार्थ) दोन्ही तपासा, अर्जाची सद्यस्थिती वाचा. पुष्कळदा 'नोंदणीकृत' म्हणजे नुसता अर्ज टाकलेला असतो. तसं निघालं तर ट्रेड मार्क्स ॲक्टच्या कलम 27 मुळे उल्लंघनाचा दावाच लागत नाही, पासिंग ऑफ (आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवल्याचा दावा) तेवढं उरतं. वर खोटं 'नोंदणीकृत' म्हटलं तर कलम 107 खाली आर्थिक दंड. नोंदणी पूर्ण लोगोची असेल, तर त्यातल्या धंद्यात सर्रास चालणाऱ्या शब्दावर मक्तेदारी मिळत नाही. कलम 17 वाचा. बिनबुडाच्या धमकीबद्दल कलम 142 खाली तुमचा अशीलच उलटा दावा लावू शकतो. मात्र त्याच कलमात वकिलाला संरक्षण आहे, समोरच्या वकिलाला पक्षकार करायच्या भानगडीत पडू नका. एवढं मुद्देसूद मांडलं की टोमण्याची गरज निम्मी संपते.

सिव्हिल_लाइन्स
वाक्याचा पहिला भाग ठेवा, दुसरा कापा. पहिला दाव्यावर आहे, दुसरा वकिलावर. वकील म्हणजे अशिलाचा नुसता भोंगा नव्हे, पत्रव्यवहारात भाषा संयत हवी, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांत स्पष्ट आहे. म्हणजे 'अशिलाने सांगितलं म्हणून लिहिलं' हा बचाव तिथेच मेला. तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे जाते. ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961 च्या कलम 35 खाली समज, निलंबन किंवा सनदेच्या यादीतून नाव काढणं, असे तीन टप्पे. एका टोमण्यापायी सनद जाईल असं मला वाटत नाही. पण शिस्तपालन समितीपुढे तारखा सुरू झाल्या की वर्षभर लटकता, आणि वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं. भट्टीच्या एका वाक्यासाठी कशाला, राजेहो?

पोहे_प्रेमी
पण क्लीव्हलंड ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉल क्लबचं 1974 चं पत्र? स्टेडियमात प्रेक्षक कागदी विमानं उडवतात म्हणून एका वकिलाने खटल्याची धमकी दिली. क्लबच्या वकिलाने त्याचंच पत्र परत जोडून कळवलं, की कुणीतरी मूर्ख तुमच्या नावाने सह्या करतोय.

सिव्हिल_लाइन्स
मस्तच आहे. पण ते क्लबच्या स्वतःच्या पदाधिकारी वकिलाने लिहिलेलं, आणि ओहायोत. तुमच्या लेटरहेडवर तुमचा सनद क्रमांक आहे. ग्रुपवर टाकणं तर अजिबात नको. उत्तरातला मजकूर तिसऱ्याने वाचला की बदनामीतला 'प्रसिद्धी'चा मुद्दा आयता मिळतो: भारतीय न्याय संहिता, कलम 356, 2 वर्षांपर्यंत साधी कैद. पत्र व्हायरल झालं तर त्याच आचारनियमांतल्या नियम 36 खाली जाहिरातबाजीचा आरोप वेगळा. अशिलाला हे लेखी कळवा, आणि त्याची पोच ठेवा.

वसुली_विभाग
पैशांच्या नोटीसला मात्र विनोद पूर्ण वर्ज्य. "पैसे काय पळून चाललेत, देऊ की पुढच्या पोळ्याला" असं गमतीत लिहिलं आणि दावा लावायची मुदत संपायच्या आत सही झाली, तर लिमिटेशन ॲक्टच्या कलम 18 खाली ती कर्जाची कबुली ठरू शकते. तिथून मुदत नव्याने मोजायची. अधिकृत एजंटची सहीही चालते, आणि सोबत 'देणार नाही' म्हटलेलं असलं तरी कबुली ती कबुलीच. न्यायाधीशापुढे कागद येतो, तुमचा सूर येत नाही.

ज्युनियर_सीताबर्डी
भट्टी काढली. रजिस्टरमध्ये अर्ज 'ऑब्जेक्टेड' दिसतोय, म्हणजे रजिस्ट्रीनेच हरकत घेतलीय, नोंदणी झालेली नाही. उत्तराची एक प्रत थेट त्या पोहेवाल्यालाही पाठवू का?

इतवारी_दिवाणी
नको. त्याने वकील नेमलाय, नियम 34 प्रमाणे व्यवहार वकिलामार्फतच. आणि 'ऑब्जेक्टेड'च्या पानाची तारखेसकट छापील प्रत आजच काढून फाइलला लावा, स्थिती बदलायला वेळ लागत नाही.