पुराचा धसका जात नाही. एमडीएमए (एक्स्टसी म्हणतात ती नशेची गोळी) थेरपीबद्दल कुणाला माहिती आहे का?

पंचगंगाकाठ:
मी कोल्हापूरची, दादाचं घर प्रयाग चिखलीला. 2019 च्या पुरात म्हशींची दावी सोडायला तो गोठ्यात मागं राहिला. दोन सुटल्या, तिसरीची गाठ भिजून आवळली होती. आता जुलै लागला की रात्रभर मोबाइलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसतो. 39 फुटांची इशारा पातळी जवळ आली की जेवण सुटतं, 43 च्या धोका पातळीला तर बोलणंच बंद. डॉक्टरांनी पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर मनात बसलेला आजार) सांगितलं, सर्ट्रालिन ही नैराश्य-भीतीवरची गोळी चालू आहे. झोप जरा सुधारली, पण गोठ्यात पाऊल टाकत नाही, धारा वहिनीच काढते.

मावसभाऊ ऑस्ट्रेलियात असतो, तो म्हणतो तिथं यावर एमडीएमए देऊन उपचार होतात. भावकीतला एक पोरगा म्हणतोय, गोव्यातनं गोळी आणून देतो. दादा 'आण' म्हणतोय. मला लई भीती वाटते.

समुपदेशक_सांगली:
ताई, पहिलं ते गोळीचं आजच थांबवा. एमडीएमए जवळ बाळगणंसुद्धा एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय तसल्या गोळीत काय भरलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. एमडीएमएनं रक्तदाब आणि नाडी वाढते. सर्ट्रालिन चालू असताना त्याचा परिणाम दबतो, मग माणूस आणखी एक घेतो. आणि त्यापायी सर्ट्रालिन मनानं बंद करू देऊ नका.

मावसभाऊ खरंच सांगतात. ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2023 पासून खास परवानगी असलेले मानसोपचारतज्ज्ञ पीटीएसडीला ते देऊ शकतात. पण चाचण्यांत ते कसं दिलं ते बघा: आधी तयारीच्या बैठका, मग साधारण महिन्याच्या अंतरानं तीन मोठे दिवस, दर वेळी आठेक तास दोन थेरपिस्ट शेजारी. त्या दिवशी मनातून जे वर आलं त्यावर नंतर पुन्हा बैठका. औषधानं भीती काही तास सैल पडते, तेवढ्यात ती आठवण सोबतीनं बघायची. सोबत नसेल तर तीच अंगावर येऊ शकते.

2021 साली छापलेल्या चाचणीत एमडीएमए गटातले 67 टक्के लोक पीटीएसडीच्या निकषांतून बाहेर आले. तीच थेरपी पण निष्क्रिय गोळी मिळालेल्या गटातले 32 टक्के. मला हा दुसरा आकडा फार मोलाचा वाटतो, कारण नुसत्या थेरपीनंही जवळपास तिघांतला एक जण सावरला. तरी ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएनं मंजुरी दिली नाही, आणखी एक चाचणी करा म्हणाले. आपल्याला खरं औषध मिळालंय हे बहुतेकांना कळत होतं, ही त्यातली मोठी अडचण.

इथं आज मिळण्यासारखं म्हणजे ईएमडीआर (डोळे हलवत आठवण बघायची थेरपी) किंवा आघातावरची सीबीटी (विचार आणि वागणं बदलायची बोलण्याची थेरपी). जागतिक आरोग्य संघटना दोन्हींची शिफारस करते. डॉक्टरांना थेट विचारा. अडलं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, फुकट आहे.

शिरोळकर:
आमच्या आईनं ईएमडीआर केलं. थेरपिस्टच्या बोटामागं डोळे फिरवत आठवायचं. सुरुवातीला घरी येऊन रडायची, पण तसं होईल हे त्यांनी आधीच सांगितलेलं. आता पाऊस लागला तरी झोपते.

पंचगंगाकाठ:
पोराला सांगितलं, आणायचं नाही. दादा आधी चिडला. मग म्हणाला, म्हशीसाठी डॉक्टरकडं जायचं? तिथं तिच्याबद्दल बोलावं लागेल का?

समुपदेशक_सांगली:
लागेल, पण पहिल्याच दिवशी नाही. किती बोलायचं ते दादांनी ठरवायचं, 'थांबा' म्हटलं की थांबतात. दावं त्यांच्या हातात होतं, ताई. त्यावर कुणी हसणार नाही. वहिनींना सोबत न्या.