महायुद्धातील फसलेल्या मोहिमेवर अभ्यासवर्गात बोलायचे आहे : कोणती मोहीम निवडावी?

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी दरमहा अभ्यासवर्ग भरतो. पुढील बैठकीत महायुद्धांतील सेनानेतृत्वाच्या आणि नियोजनाच्या चुका हा विषय मला दीड तासात मांडायचा आहे. गॅलिपोली किंवा स्टालिनग्राड घ्यावे असे मनात होते. परंतु अमुक सेनापती हेकेखोर होता म्हणून पराभव झाला, एवढ्यावर व्याख्यान संपू नये अशी माझी इच्छा आहे. आमच्या चावडीच्या भिंतीवर पहिल्या महायुद्धात गावातून किती जण गेले आणि किती कामी आले हे सांगणारी संगमरवरी पाटी आहे. तिच्याशी धागा जोडता आला तर फारच बरे. जाणकारांनी सुचवावे.

प्रतिसाद १

आपण मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) तैग्रिस नदीकाठच्या कुत या गावाला तुर्कांनी घातलेला वेढा घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवतो. तेथे अडकलेली ब्रिटिश हिंदी सैन्याची सहावी डिव्हिजन ही पुण्याची डिव्हिजन होती आणि तिच्यात १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या.

मात्र सुरुवात कुतपासून करू नका, बसऱ्याच्या बंदरापासून करा. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा हाती आले तेव्हा तेथे मोठ्या जहाजांसाठी धक्काच नव्हता. माल नदीच्या मध्यभागी स्थानिक होड्यांत उतरवावा लागे आणि जहाजे दिवसचे दिवस खोळंबून राहत. पुढे बगदादपर्यंत नदीमार्गाने सुमारे ८०० किलोमीटर अंतर, रस्ते नाहीत, रेल्वे नाही आणि तैग्रिसच्या उथळ पात्रात चालतील अशा बोटी मोजक्याच. १९१५ च्या एप्रिलमध्ये मोहिमेची सूत्रे हाती घेतलेल्या जनरल निक्सन यांनी बोटी आणि रेल्वे मागितली होती. पण हिंदुस्थान सरकारने खर्चाकडे बोट दाखवून रेल्वे नाकारली आणि बोटी वेळेवर आल्या नाहीत. तरीही निक्सन पुढेच सरकत राहिले, आणि मला हीच या मोहिमेतील सर्वांत गंभीर चूक वाटते, कारण साधने अपुरी आहेत हे त्यांनी स्वतःच लिहून कळवले होते. डिव्हिजनचे सेनापती टाउनशेंड यांनी कुतलाच थांबावे असे सुचवले, ते मानले गेले नाही.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफॉनच्या प्राचीन कमानीजवळ लढाई जुंपली, तेव्हा समोर ताज्या दमाच्या तुर्की तुकड्या आलेल्या होत्या. सुमारे ४,६०० माणसे मारली गेली वा जखमी झाली. जखमींना बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्यांतून नदीपर्यंत हादरे खात यावे लागले, आणि तेथून पुढे ज्या बोटींतून बसऱ्याला आणले त्या इतक्या भरलेल्या होत्या की हगवणीचे रुग्ण आणि मोडलेल्या हाडांचे रुग्ण एकाच डेकवर उघड्यावर पडून होते. हा भाग सावकाश सांगा. बोटींचा हिशेब चुकला म्हणजे काय, हे श्रोत्यांना येथे समजेल.

प्रतिसाद २

निवड मान्य आहे, परंतु सगळा दोष निक्सन यांच्या माथी मारू नये. गॅलिपोलीत हात पोळलेल्या लंडनच्या मंत्रिमंडळाला कोठेतरी विजय हवा होता, म्हणून ऑक्टोबर १९१५ मध्ये बगदादकडे जाण्यास संमती मिळाली. १९१७ मध्ये या मोहिमेच्या चौकशी आयोगाचा अहवाल आल्यावर भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला, हे अवश्य सांगावे.

प्रतिसाद ३

मी टाउनशेंड यांच्या धान्याच्या आकड्यांवर भर देण्याचे सुचवीन. टेसिफॉनहून माघार घेऊन ते डिव्हिजनसह कुतला परतले आणि ७ डिसेंबर १९१५ रोजी तेथे तुर्कांचा वेढा पडला. धान्य फार दिवस पुरणार नाही असे त्यांनी कळवल्याने सुटकेसाठी निघालेल्या जनरल एल्मर यांनी सैन्य पुरते गोळा होण्याआधीच, तोफा आणि दवाखाने मागे ठेवून, जानेवारीच्या चिखलात हल्ले सुरू केले. त्यानंतर कुतच्या घराघरांत झडती घेतली तेव्हा धान्याचे मोठे साठे निघाले आणि वेढा २९ एप्रिल १९१६ पर्यंत लांबला! ही झडती पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी होती. सुटकेच्या प्रयत्नांत सुमारे २३,००० माणसांची हानी झाली. शेवटी शरण आले ते सुमारे १३,०००.

दुसरा मुद्दा घोड्याच्या मांसाचा. हिंदी शिपायांनी ते धर्मापायी नाकारले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या संमतीचे निरोप मागवले गेले, तरी बहुतेकांनी ते खाल्ले एप्रिलमध्ये, अंगात त्राण उरले नव्हते तेव्हा. ज्यांच्या जिवावर मोहीम आखली ते काय खातात याचा विचार आधी झाला नव्हता.

धागाकर्ता

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. कुत नक्की केले. आमच्या पाटीवर नावे नाहीत, केवळ संख्या आहे. त्यांतील कोणी तेथे होते का, हे शोधता येईल का?

प्रतिसाद १

राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदी इंटरनेटवर पाहता येतात. अनेक हिंदी शिपायांच्या नावापुढे वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. गावाच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग चार-पाच प्रकारे बदलून पाहा आणि वरील तीन पलटणींची नावे वेगळी काढा. मृत्यूची तारीख २९ एप्रिल १९१६ नंतरची असेल तर तो शिपाई कैदेत गेला असण्याची शक्यता आहे. पण त्याच क्रमांकांच्या पलटणी पुढे नव्याने उभारल्या गेल्या, त्यामुळे केवळ तारखेवरून ठरवू नका, मृत्यूचे ठिकाणही ताडून पाहा.