पदावरील राष्ट्राध्यक्षावर फौजदारी खटला: मनाई नेमकी कुठे लिहिली आहे?

प्रेषक: मंडळाच्या एक सभासद

नमस्कार मंडळी,

अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी आपल्यापैकी अनेकांनी एक उत्तर पाठ केले आहे. ‘कायद्याचे राज्य म्हणजे काय?’ असा प्रश्न असतो आणि ‘कायद्यापेक्षा कोणीही मोठा नाही’ हे त्याच्या मान्य उत्तरांपैकी एक आहे. मीही तेच दिले होते. मग पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षावर फौजदारी आरोप ठेवता येत नाही, असे जे इतक्या खात्रीने सांगितले जाते, त्याला आधार काय? मी राज्यघटना पुन्हा वाचून काढली, पण तसे कलम मला सापडले नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रेषक: मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद

ताई, नमस्कार.

ते कलम तुम्हाला सापडले नाही, कारण ते नाहीच. राज्यघटनेने काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, सदस्यांना अधिवेशनाच्या काळात अटकेपासून मर्यादित संरक्षण दिले आहे आणि सभागृहातील भाषणाबद्दल त्यांना इतरत्र जाब विचारता येत नाही; राष्ट्राध्यक्षाबद्दल मात्र असे एकही वाक्य तिच्यात नाही. महाभियोगाच्या कलमात एवढेच म्हटले आहे, की सिनेटने, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाने, दोषी ठरवल्यास पद जाते, पुन्हा पदावर येण्यास बंदी घालता येते, आणि तरीही त्या व्यक्तीवर कायद्याप्रमाणे आरोप, खटला आणि शिक्षा होऊ शकते. आधी महाभियोग आणि मगच खटला, हा क्रम या ओळीने सक्तीचा होतो का, यावर जुना वाद आहे.

मनाई आली ती न्याय खात्याच्या एका अंतर्गत टिपणातून. 1973 साली उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांची लाचखोरीबद्दल चौकशी चालू होती, आणि पदावर असेपर्यंत आपल्यावर आरोप ठेवता येणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. त्या वर्षीच्या 24 सप्टेंबरच्या टिपणाने असा निष्कर्ष काढला, की उपराष्ट्राध्यक्षावर आरोप ठेवता येतात, राष्ट्राध्यक्षावर येत नाहीत, कारण एका माणसाच्या हाती सगळी कार्यकारी सत्ता असताना त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, तर ती शाखाच ठप्प होईल. ॲग्न्यू यांनी 10 ऑक्टोबरला राजीनामा दिला आणि करचुकवेगिरीच्या आरोपाला विरोध केला नाही. पुढे 16 ऑक्टोबर 2000 रोजी खात्याने दुसऱ्या टिपणात तेच मत कायम केले. कोणत्याही न्यायालयाने या मुद्द्यावर निकाल दिलेला नाही. मात्र केंद्रीय सरकारी वकिलांना ही टिपणे पाळावी लागतात, आणि म्हणूनच 2019 मध्ये ट्रम्प यांच्याशी संबंधित रशिया प्रकरणाची चौकशी करणारे विशेष वकील रॉबर्ट म्युलर यांनी जाहीरपणे सांगितले, की राष्ट्राध्यक्षावर आरोप ठेवण्याचा पर्याय त्यांच्यापुढे नव्हताच.

प्रत्यक्षात हे कसे दिसते, ते 1 मार्च 1974 रोजी वॉशिंग्टनमध्ये न्यायाधीश जॉन सिरिका यांच्या न्यायालयात दिसले. वॉटरगेट प्रकरणात ग्रँड ज्युरीने (आरोप ठेवायचे की नाही, हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सात सहकाऱ्यांवर आरोपपत्र दाखल केले. खुद्द निक्सन यांचे नाव कटातील साथीदार म्हणून नोंदवले, पण त्यांना आरोपी केले नाही, आणि त्यांच्याविषयीचा मोहोरबंद अहवाल पुराव्यांच्या बॅगेसह न्यायाधीशांच्या हवाली केला, म्हणजे तो महाभियोगाचा विचार करणाऱ्या समितीकडे जावा. इतरांना न्यायालयाचा रस्ता आणि एकाला काँग्रेसचा, अशी ती विभागणी होती. निक्सन यांनी 9 ऑगस्टला राजीनामा दिला आणि 8 सप्टेंबरला त्यांच्या जागी आलेले राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यांना माफी दिली, त्यामुळे पदावरून गेल्यानंतर काय झाले असते, हे पाहायला मिळालेच नाही.

राष्ट्राध्यक्षाच्या संरक्षणाबाबत इथल्या सर्वोच्च न्यायालयाचा 1 जुलै 2024 चा निकाल ही वेगळी गोष्ट आहे आणि आपल्या चर्चेत या दोन्हींची सरमिसळ होते, म्हणून थोडे थांबून लिहितो. टिपणांतले संरक्षण काळापुरते आहे: पद आहे तोवर खटला नाही. निकालातले संरक्षण कृत्याला आहे आणि ते पद सुटल्यावरही राहते. राज्यघटनेने एकट्या राष्ट्राध्यक्षाकडेच दिलेल्या अधिकारांच्या वापराबद्दल पूर्ण संरक्षण, इतर अधिकृत कृत्यांबद्दल सरकारी पक्षाला खोडून काढता येईल असे गृहीत संरक्षण, आणि खासगी कृत्यांना काहीच नाही, असे 6 विरुद्ध 3 मतांनी ठरले. माझ्या मते दोहोंत चिंतेची बाब ही दुसरी आहे, कारण ती मुदत संपल्यावर संपत नाही.

भारतात कलम 361 मध्ये राष्ट्रपती आणि राज्यपालांविरुद्ध पदावर असताना कोणतीही फौजदारी कारवाई सुरू करता किंवा चालू ठेवता येत नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. कल्याण सिंह राजस्थानचे राज्यपाल असताना 2017 मध्ये बाबरी प्रकरणातील त्यांच्यावरचा खटला याच कारणाने थांबला, आणि सप्टेंबर 2019 मध्ये पद सुटल्यावर त्याच महिन्यात न्यायालयाने त्यांच्यावर आरोप निश्चित केले. 2020 मध्ये ते निर्दोष सुटले, पण खटला चालला, हे महत्त्वाचे.

प्रेषक: मंडळाच्या एक सभासद

काका, सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. तरी एक शंका राहते. या देशात तीन हजारांहून अधिक काउंटी (जिल्ह्यांसारखे विभाग) आहेत आणि बहुतेक ठिकाणचे सरकारी वकील निवडून येतात. टिपणे केंद्रीय वकिलांपुरतीच असतील, तर विरोधी पक्षाच्या प्रत्येक वकिलाला आपल्या गावात राष्ट्राध्यक्षावर खटला भरता येईल. मग देशाचा कारभार कोण पाहणार? मला तर पदाच्या काळातली स्थगिती योग्यच वाटते.

प्रेषक: मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद

ताई, स्थगिती मलाही मान्य आहे. राज्यांच्या वकिलांबाबत निकाल नाही, पण 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी सांगितले, की पदावरील राष्ट्राध्यक्षाची कागदपत्रे राज्याची ग्रँड ज्युरी मागवू शकते. म्हणजे चौकशी चालू राहू शकते, पुरावा जपून ठेवता येतो. खटला थांबवणे आणि खटला बुडवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि माझा सगळा आग्रह त्या फरकावर आहे.

बहुतेक केंद्रीय गुन्ह्यांना आरोप दाखल करण्याची कालमर्यादा पाच वर्षांची आहे. दोन वेळा निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष आठ वर्षे पदावर राहतो. पहिल्या वर्षी गुन्हा घडला आणि घड्याळ चालूच राहिले, तर सहाव्या वर्षी तो गुन्हा आपोआप सुटतो, आणि तात्पुरते म्हणून दिलेले संरक्षण कायमचे होऊन बसते. भारतात ही अडचण कमी आहे, कारण तीन वर्षांहून अधिक कैदेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना तिथे सर्वसाधारणपणे अशी कालमर्यादाच नाही. 2000 च्या टिपणानेही हा धोका मान्य केला आहे आणि काँग्रेसने कायदा करून पदाचा काळ कालमर्यादेतून वगळावा, हा उपाय सुचवला आहे. 9 डिसेंबर 2021 रोजी प्रतिनिधीगृहाने ही तरतूद असलेले विधेयक 220 विरुद्ध 208 मतांनी मंजूर केले, परंतु ते सिनेटमध्ये पुढे गेले नाही.

ट्रम्प यांच्यावरील न्यूयॉर्क राज्याच्या खटल्याकडे याच दृष्टीने पाहा. 11 बिले, 11 चेक आणि हिशेबातल्या 12 नोंदी, असे व्यवसायाच्या नोंदी खोट्या केल्याचे 34 आरोप होते. सगळी कागदपत्रे 2017 ची, म्हणजे पदावर असतानाची, आणि त्यांतल्या नऊ चेकवर ट्रम्प यांची स्वतःची सही होती. आरोप पद सुटल्यावर, मार्च 2023 मध्ये ठेवले गेले, 30 मे 2024 रोजी ज्युरीने दोषी ठरवले, आणि 10 जानेवारी 2025 रोजी, दुसऱ्या शपथविधीच्या दहा दिवस आधी, न्यायाधीशांनी कैद नाही, दंड नाही, देखरेख नाही असा निकाल दिला. आरोपी फ्लोरिडातून व्हिडिओवर हजर होते. दोषसिद्धी मात्र त्या दिवशी नोंदीवर राहिली.

2021 च्या विधेयकातली कालमर्यादेची तरतूद स्वतंत्रपणे पुन्हा मांडली जावी, यासाठी मी आमच्या मतदारसंघाच्या प्रतिनिधींना पत्र लिहिले आहे. त्याचा मसुदा हवा असल्यास कळवावे, मी पाठवून देईन.