मदत हवी आहे: देवगडच्या जेटीवरून माकूल (स्क्विड) गरवताना लागलं आणि सुटलं

नमस्कार मंडळी. गरीला कोळंबी लावून तांबोशी, शेंगाळा लहानपणापासून काढतोय, पण माकुलासाठी या थंडीत पहिल्यांदाच उभा राहिलो. कोळंबीच्या आकाराचा जपानी कापडी लूर, म्हणजे खोटं आमिष, घेतलाय, एगी म्हणतात तो. 3 नंबर, वजन 15 ग्रॅम. शेपटीला वर वळलेल्या सुयांच्या दोन ओळी. गळाला असतो तसा उलटा काटा या सुयांना नाही.

पौर्णिमेच्या आसपास दोन संध्याकाळी गेलो. उधाणाने पाणी पार ढवळलेलं. शेजारी गरवत बसलेले काका म्हणाले, "पाणी गढूळ आसा, काय गावाचा नाय." माकूल डोळ्यांनी शिकार करतं, त्यामुळे ते पटलं. काल वद्य नवमी, भांगाचं पाणी (भरती-ओहोटीचा जोर कमी), तळ दिसेल इतकं नितळ नव्हतं पण बरंच निवळलेलं. चंद्र मध्यरात्रीपर्यंत नाही. जेटीच्या दिव्याखाली बारीक मासळी फिरत होती. उजेड संपून काळोख सुरू होतो त्या कडेला लूर टाकला, दोन झटके दिले, बुडू दिला. बुडता बुडता दोरा थांबला. ओलं गोणपाट अडकावं तसा जडपणा. मी तांबोशीला देतो तसा सणसणीत हिसका दिला, थोडं ओढलं, रॉड खाली घेऊन रीळ फिरवायला गेलो आणि सगळं हलकं! वर आलेल्या लूरला काळी शाई आणि चिकटा. म्हणजे माकूल होतं. रात्रभर झोप नाही.

चुकलं ते हिसक्यात की रॉड खाली घेण्यात? दुसरं, खडकात दोन लूर गेले. तळ कसा ओळखायचा? आणि ओहोटीला जेटी उंच पडते, तर वर कसं घ्यायचं?

प्रतिसाद, वेंगुर्ल्याहून:
दोन्हींत चुकलं, दादा. माकूल आधी दोन लांब सोंडांनी पकडतं. तेवढ्यावर हिसका दिला की सोंड तुटते. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) सैल ठेवा, जडपणा लागला की रॉड नुसता उचला आणि एका लयीत गुंडाळत राहा. सुयांना उलटा काटा नाही, म्हणून दोरा क्षणभर सैल पडला तरी ते निसटतं.

तळासाठी आधी खडक नसलेल्या बाजूला टाका आणि दोरा ढिला पडेपर्यंत आकडे मोजा. 3 नंबर तीन-चार सेकंदांत मीटरभर उतरतो. वीसला तळ लागला तर पुढच्या वेळी पंधरालाच झटका द्या. खडकाकडे त्याहून आधी.

वर घेताना लांब दांड्याची जाळी हवीच, दोऱ्यावर उचलू नका. जाळीत घेण्याआधी पाण्यातच शाई सोडू द्या. खडकावर उतरणार असाल तर एकटे जाऊ नका.

मूळ लेखक:
मनापासून आभार. रॉड खाली घेण्याची सवय मोडायला हवी. शेजारच्या घरून जाळी मागून आणलीय. आज दशमी, अंधार पडला की निघतो. काय होतं ते इथेच लिहीन.