साकुरा (जपानमधला चेरीचा बहर): मुलांच्या परीक्षा संपल्यावर, २१ एप्रिलला पुण्याहून निघालो तर बहर मिळेल का?

कर्वेनगरकर
दोन मोठे आणि दोन शाळकरी मुलं (वय ९ आणि १३). परीक्षा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात संपतात, त्यामुळे २१ ला निघून साधारण १ मेपर्यंत परत यायचं आहे. इथल्या टूर कंपन्यांच्या साकुरा सहली मार्चअखेर ते ५ एप्रिल अशाच आहेत आणि त्या तारखा आम्हाला जमत नाहीत. स्वतःच आखणी करायची ठरवली आहे. एप्रिलच्या शेवटी क्योतोत काही उरतं का? नसेल तर कुठे जावं, आणि विमान व हॉटेल कोणत्या क्रमाने बुक करावं?

औंध_गाव
टोकियो-क्योतोतला मुख्य बहर तुम्हाला मिळणार नाही, ते आधीच मनातून काढून टाका. टोकियोत पूर्ण बहराची (जपानीत ‘मानकाई’) ३० वर्षांची सरासरी तारीख ३१ मार्च आहे, क्योतोत ४ एप्रिल. त्यानंतर जेमतेम आठवडाभरात पाकळ्या गळतात. क्योतोत निन्नाजी मंदिराची बुटकी, उशिरा फुलणारी ओमुरो साकुरा एप्रिलच्या मध्यापर्यंत असते, पण तुम्ही २२ ला उतरणार.

इतकं नेमकं का घडतं, ते कळलं की आखणी सोपी होते. शहरांत बहुतेक झाडं ‘सोमेई योशिनो’ या एकाच जातीची आहेत आणि सगळी कलमांची, म्हणजे जनुकीयदृष्ट्या एकच झाड. एकाच हापूसची कलमं गावभर लावावीत तसं. म्हणून ती एकदम फुलतात आणि एकदम संपतात. थंडीत कळी झोपलेली असते. पुरेशी थंडी पडल्यावर तिची झोप मोडते आणि पुढे जितकी ऊब मिळेल तितकी ती लवकर उमलते. त्यामुळे एकाच शहरात वर्षागणिक मोठा फरक पडतो. टोकियोत २०२३ मध्ये मानकाई २२ मार्चला होती, २०२४ मध्ये ४ एप्रिलला. म्हणून शहर आणि तारीख दोन्ही पक्कं करून जाणाऱ्यांचाच हिरमोड होतो.

तुमच्या तारखा उत्तरेच्या आहेत. सरासरी मानकाई आओमोरीत २६ एप्रिल, साप्पोरोत ५ मे. हाकोदाते या दोन्हींच्या मध्ये, मेच्या अगदी सुरुवातीला. अलीकडे उत्तरेतही बहर बराच लवकर येतो, म्हणून तुमच्या तारखा वाटतात तितक्या लवकरच्या नाहीत, उलट आओमोरीसाठी कधी कधी किंचित उशिराच्या ठरतात.

माझा आग्रह एकच: मुक्काम हिरोसाकीत (किल्ल्याच्या उद्यानातल्या बहराचं गाव) न करता आओमोरी शहरात करा, सलग ४ रात्री. तिथून हिरोसाकी लोकल गाडीने पाऊण तास. उत्तरेला हाकोदाते: शिन-आओमोरीहून शिनकानसेनने (बुलेट ट्रेनने) तासभर आणि शिन-हाकोदाते-होकुतोहून लोकलने आणखी २० मिनिटांच्या आत. दक्षिणेला मोरिओकामार्गे काकुनोदाते, गाड्यांचा मेळ बसला तर दोन-अडीच तास. वर्ष गरम गेलं तर हाकोदाते, थंड गेलं तर काकुनोदाते, मधलं गेलं तर हिरोसाकी. हॉटेल बदलावं लागत नाही.

पाषाण_तलाव
वरच्या आखणीशी सहमत. फक्त तिकिटांचं गणित नीट समजून घ्या, कारण २९ एप्रिलपासून ‘गोल्डन वीक’ सुरू होतो (५ मेपर्यंत) आणि अख्खा जपान प्रवासाला निघतो. २८ च्या संध्याकाळपर्यंत तुम्ही टोकियोत परत पोचलेले असायला हवं. शेवटचे दोन दिवस टोकियोतच काढा.

टोकियो ते शिन-आओमोरी ‘हायाबुसा’ गाडीने सव्वातीन तासांच्या आसपास. या गाडीत विनाआरक्षित डबा नसतो. आरक्षण प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी जपानी वेळेनुसार सकाळी १० ला उघडतं, म्हणजे आपल्याकडे सकाळी ६:३० ला. २८ एप्रिलच्या परतीसाठी २८ मार्चला गजर लावा. जाताना उजवी-डावी खिडकी बघत बसू नका, चौघांना एकत्र जागा मिळणं महत्त्वाचं.

जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास): ७ दिवसांचा देशभराचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० वरून ५०,००० येनवर गेला. टोकियो-क्योतो जाऊन-येऊन करणाऱ्याला तो तेव्हापासून परवडत नाही. तुमचं वेगळं आहे. शिन-आओमोरी एका बाजूचंच १७ हजार येनच्या पुढे जातं. त्यात हाकोदातेची फेरी आणि हिरोसाकी धरलं की बेरीज पासच्या जवळ येते. काकुनोदातेही केलं तर पास सरस. हाकोदातेला जाणार नसाल तर सुटी तिकिटं काढा. आजचे दर घेऊन कागदावर बेरीज करा, अंदाजाने नको. ९ वर्षांच्या मुलाला पासलाही आणि सुट्या तिकिटांनाही अर्धं भाडं (वय ६ ते ११), १३ वर्षांच्याला पूर्ण.

मोठ्या बॅगा आओमोरीला ओढत नेऊ नका. टोकियोच्या हॉटेलात परत येणारच आहात, तर तिथेच ठेवायला सांगा. चार दिवसांचे कपडे पाठपिशवीत मावतात.

नदीकाठ_सांगवी
बुकिंगचा क्रम असा ठेवा: विमान, मग रद्द करता येणारं हॉटेल, मग व्हिसा, शेवटी रेल्वे.

पुण्याहून जपानला थेट विमान नाही. दिल्लीमार्गे टोकियो किंवा मुंबईहून सिंगापूर, बँकॉकमार्गे. कोणताही मार्ग घ्या, पण पुण्यापासूनचा सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असू द्या. पुणे-दिल्ली वेगळं स्वस्त तिकीट काढलं आणि ते विमान रखडलं, तर पुढच्या कंपनीवर तुमची जबाबदारी नसते. चार तिकिटं बुडतात.

व्हिसात लोक घाईने चुकतात. पर्यटन व्हिसा दिल्यापासून ३ महिन्यांत जपानमध्ये प्रवेश करावा लागतो. २२ एप्रिलला उतरायचं असेल आणि व्हिसा १५ जानेवारीला निघाला, तर तो १५ एप्रिललाच संपतो. फेब्रुवारीअखेर ते मार्चची सुरुवात ही योग्य वेळ. अर्ज व्हीएफएस केंद्रातून (व्हिसाचे अर्ज स्वीकारणारी खासगी कंपनी). बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, दिवसवार कार्यक्रम, आणि मुलांचं नातं दाखवायला जन्मदाखले. नावांचं स्पेलिंग पासपोर्ट आणि जन्मदाखल्यात वेगळं असेल तर आत्ताच बघा.

भारतीयांना १ एप्रिल २०२४ पासून ई-व्हिसा मिळतो. तो विमानतळावर फोनवर, इंटरनेट चालू ठेवून, संकेतस्थळावरूनच दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट, पीडीएफ, छापील प्रत चालत नाही. इ-सिम पुण्यातच घालून ठेवा.

औषधं: १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रीन असलेली सर्दीची औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत. खोकल्याच्या औषधात कोडीन आहे का, तेही बघा. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता आणि कोणताही मांसाचा पदार्थ नेऊ नका. शाकाहारी असाल तर एक अडचण सगळीकडे भेटेल: मासळीचा ‘दाशी’ अर्क सूपमध्ये, सॉसमध्ये, भाजीतही असतो. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, ‘दाशीही नको’ असं जपानीत लिहिलेलं कार्ड जवळ ठेवा. थेपले, मेतकूट आणि भडंग आओमोरीत खूप आधार देतील.

कर्वेनगरकर
फार उपयोगी, आभार. हिरोसाकीत पोचेपर्यंत गळून गेलं असेल तर तिथे जाण्यात अर्थ आहे का? आणि अंदाज कुठे बघायचा?

औंध_गाव
जरूर आहे. गळल्यावर किल्ल्याच्या खंदकात पाकळ्यांचा गुलाबी थर साचतो, त्याला ‘हानाइकादा’, फुलांचा तराफा म्हणतात, आणि अनेक जण मुद्दाम तेवढ्यासाठी जातात. तो मानकाईनंतर चार-पाच दिवसांनी भरात येतो. सकाळी लवकर जा, वारा सुटला की थर एका कडेला जातो. उद्यानात सुमारे २,६०० झाडं आहेत आणि त्यांची छाटणी सफरचंदाच्या बागायतदारांच्या पद्धतीने होते, त्यामुळे फुलांचे घोस इतर ठिकाणांपेक्षा भरगच्च असतात. १८८२ मध्ये लावलेलं सोमेई योशिनोचं झाडही तिथे आहे.

अंदाजाबद्दल: जपानच्या सरकारी हवामान खात्याने बहराचे अंदाज देणं २००९ नंतर थांबवलं. ते आता फक्त नमुना-झाडावर ५-६ फुलं उमलली की ‘बहर सुरू’ आणि सुमारे ८० टक्के कळ्या उमलल्या की ‘मानकाई’ जाहीर करतात. अंदाज खासगी हवामान कंपन्या देतात. जानेवारीतला आकडा धरून काही ठरवू नका. एप्रिलच्या १० तारखेनंतरचा बघा, आणि आओमोरीत पोचल्यावर रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचं गाव ठरवा. मानकाईआधीचा पाऊस फारसं बिघडवत नाही, नंतरचा पाऊस आणि वारा मात्र एका रात्रीत झाडं रिकामी करतो. पावसाचा इशारा असेल तर हिरोसाकी आदल्या दिवशीच उरका.

रात्री ५ अंशांपर्यंत उतरतं आणि रोषणाई संध्याकाळनंतरच असते, तेव्हा मुलांचे जाड जॅकेट हवेतच. फांदी ओढून फोटो काढू देऊ नका आणि चादर बुंध्यालगत पसरू नका. या झाडांची मुळं वरच्या मातीत असतात, माती दाबली गेली की झाड खंगतं.