शब्दचर्चा : ‘लोकसंख्येची वैशिष्ट्ये’ या रकान्यात काय लिहायचं?

दापोलीकर : ग्रामपंचायतीच्या आराखड्यात ‘लोकसंख्येची वैशिष्ट्ये’ असा रकाना आहे. एकूण आकडा लिहिला की झालं का? ‘जनसांख्यिकी’ म्हणजे हेच का?

खाडीपलीकडचा : जनसांख्यिकी हे शास्त्राचं नाव, रकान्यात ते नको. एकूण आकडा म्हणजे नुसती लोकसंख्या. वैशिष्ट्यांत वय, स्त्री-पुरुष, शिक्षण, कामधंदा अशी फोड हवी.

साक्षरतेत छेद हमखास चुकतो. साक्षरता ७ वर्षं आणि त्यापुढच्यांचीच धरतात. समजा गावात १२०० माणसं, त्यांत सातच्या आतली १२० आणि साक्षर ९००. तर ९०० भागिले १०८०, म्हणजे ८३ टक्के. १२०० ने भागलंत तर ७५ येतील आणि गाव उगाच मागास दिसेल.

देवगडकर : लिंग गुणोत्तरही जपून वाचा. २०११ ला रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्यात ९२९. यावरून ‘कोकणात मुलींचं स्वागत होतं’ असं भाषणात ठोकून देतात. पण ० ते ६ वयोगटात तोच आकडा ९३६ आहे. मुली जास्त जन्मल्या असं नव्हे, कमावते पुरुष मुंबईला, तिथेच मोजले गेले. म्हणून दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.

दापोलीकर : मग चाकरमानी कुठे धरायचे?

देवगडकर : जनगणनेच्या आकड्यात ते येत नाहीत. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली आणि होळी पौर्णिमा होती १९ मार्चला. शिमग्याचं भरलेलं गाव कागदावर आलंच नाही. नळयोजनेत माणशी रोज ५५ लिटर धरले तर १२०० माणसांना ६६,००० लिटर लागतात. मे महिन्यात ५०० माणसं वाढली की आणखी २७,५०० लिटर, आणि नेमका तेव्हाच विहिरीचा तळ दिसत असतो. त्यामुळे ‘हंगामी मुक्कामी’ अशी वेगळी ओळ घाला, मूळ आकड्यात मिसळू नका.

खाडीपलीकडचा : अवलंबित्वाचं प्रमाणही, म्हणजे कमावत्या वयाच्या शंभर माणसांमागे मुलं आणि म्हातारे किती, देता येईल : १४ पर्यंतची मुलं अधिक साठीपुढचे, भागिले १५ ते ५९ वयाचे, गुणिले १००. मात्र मुलं आणि म्हातारे वेगवेगळेही लिहा. दोन गावांत ८२ च आलं, तरी एकाला अंगणवाडीची खोली लागेल आणि दुसऱ्याला रक्तदाबाच्या गोळ्या वाडीवर पोचवायला माणूस.